लाल ठिपका

तांबोपाता नदीच्या वळणावर,
मुंग्यांनी झाडाच्या काखेत बांधलेल्या घरट्यातून
हे फूल उलटं लोंबतं.
एलिओदोरो पहाटे पाचपासून शिडीवर.
गुडघ्यावर वही, कानामागे पेन्सिल,
खिशात नेलपॉलिशची बाटली, लाल,
तळाशी दाटून आलेली.
नेलिदा जाताना ती विसरली
की ठेवून गेली,
हे वहीत कुठे लिहिलेलं नाही.

फुलाला दोन बोंडं आहेत,
त्यांतून थेंब थेंब गळतं खालच्या बादलीत.
मध नव्हे. मध या फुलात औषधालाही नाही.
आहे तो नुसता वास:
पुदिना, लवंग, आणि मागाहून
नुकत्या पुसलेल्या दवाखान्याच्या फरशीसारखं काहीतरी.

त्या वासावर येतात ते फक्त नर,
पत्र्यासारखे चकाकणारे हिरवे मधमाशे.
खायचं नाही, प्यायचं नाही,
पुढच्या पायांनी वास खरवडायचा
आणि मागच्या पायांच्या पोटऱ्यांत
चोरखिशात ठेवावा तसा भरायचा.
फुलाफुलातून, बुरशीतून, कुजक्या ओंडक्यातूनही,
जन्मभर जमवायचं अत्तर
कुणा एकीपुढे उधळायला.

घाईत एकाचा पाय सुटतो.
डुबुक्.

पंख भिजले. भिंती मेणचट.
चढतो, घसरतो, चढतो.
बाहेर पडायला एकच बोगदा,
तोही इतका अरुंद
की फूल त्याला कंबरेशी धरून ठेवतं, डिंक वाळेपर्यंत.
एलिओदोरो घड्याळ बघतो: बावीस मिनिटं.
सुटतो तेव्हा पाठीवर
परागांची दोन पिवळी गाठोडी.
आपण हमाल झालो
हे त्या हमालाला माहीत नाही.

तो पंख वाळवतो तेवढ्यात
काडीच्या टोकाने एलिओदोरो टेकवतो
गाठोड्यांच्या शेजारी एक लाल ठिपका.
लिमाच्या बाईंना एवढंच हवंय:
कोण परत येतो, कुठे, किती वाजता.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.
ही म्हण या रानाने ऐकलेली नाही.
ऐकली असती
तर या फुलाचा वंश केव्हाच बुडाला असता.
इथे तर ज्याला ठेच लागली त्यालाच
पुन्हा तिथेच ठेचकाळावं लागतं:
दुसरं फूल, तीच बादली, तोच बोगदा,
आणि तिथल्या छताच्या खाचेत
गाठोडी अडकून राहायची.
एकदा फसणाऱ्यावर भागत नाही.
दोनदा फसणारा लागतो.

पहिला दिवस: चार ठिपके. परत कुणी नाही.
दुसरा: दोन.
तिसऱ्या दिवशी नदीवरून नुसती
सोनं उपसणाऱ्या यंत्रांची घरघर.
त्या छावणीत नेलिदा सत्तर माणसांचा भात शिजवते.
मागच्या वर्षी तो आणायला गेला होता.
तिने ताट वाढलं,
हात पुसत म्हणाली, जेव आणि जा.
तो जेवला. आला.

फुलाचं आयुष्य चार दिवसांचं.
चौथ्या सकाळी, ओढ्यापलीकडच्या झाडाखाली,
पाकळ्या कडेने तपकिरी होऊ लागलेल्या,
वास उतरलेला,
आणि तरीही तो आला.
लाल ठिपका. गाठोडी जशीच्या तशी.
घिरट्या घातल्या, बसला, खरवडलं,
पडला.

एलिओदोरो हसला नाही.
त्याने वाट पाहिली.
सतरा मिनिटांनी तो बाहेर आला,
ओला, रिकामा, ठिपका तेवढा उरलेला,
आणि झाडीत गेला, पुन्हा वासाच्या मागे.

आता इथे शेंग धरेल,
शेंगेत लाखो बिया, पिठाहून बारीक,
एकीच्याही पोटात घासभर शिदोरी नाही.
वारा नेईल तिकडे जायचं.
नेमकी बुरशी भेटली, तिने भरवलं, तर जगायचं.
बाकीच्यांचं काय होतं
हा रकाना बाईंनी वहीत आखलेला नाही.

त्याने लिहिलं: लाल. ओढ्यापलीकडे. ७:४०. परत.
बाटलीचं झाकण आट्यांत वाळलेल्या रंगामुळे
नीट बसेना. तशीच खिशात टाकली.

धक्क्यावर सातुर्निनो होडीतलं पाणी उपसत होता.
एलिओदोरोच्या अंगावर धुतलेला शर्ट.
त्याने विचारलं, छावणीपर्यंत काय घेशील?
सातुर्निनोने मान वर केली, नाकाने जरा हुंगलं,
म्हणाला, मागच्या वेळी सांगितलं होतं की.